हात खाली करा

मिरजेच्या दवाखान्यांचा लौकिक सुरू होतो डॉ. विल्यम वॉन्लेस यांच्यापासून. ते १८८९ साली हिंदुस्थानात आले आणि १८९४ साली मिरजेत त्यांचं मिशन हॉस्पिटल उभं राहिलं. गाव मीरासाहेबांच्या दर्ग्याचं, कर्नाटकाला लागून असलेलं. इथं मराठी, कानडी आणि आपली दखनी बोलणारे सगळेच राहतात. परदेशी डॉक्टरला आधी इथली भाषा शिकणं भागच होतं. तरीही जे शब्दांत अडे, ते हातानं दाखवता येई. गुडघा धरून वाकवला की भाषांतर लागत नाही.

२५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारनं टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. अर्धांगवायूनंतरचे व्यायामही मोबाईलवर सांगितले जाऊ लागले. पाटणच्या डोंगरातल्या किंवा जतच्या वाडीवरच्या पेशंटला ही मोठीच सोय. पण गुडघा धरणारा हात मोबाईलमधून बाहेर येत नाही. मग सगळा भार शब्दांवर पडतो.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून शब्दांच्या खाचखळग्यांकडे माझं लक्ष जातं. मराठीत ‘हात खाली करा’ म्हणजे हात खाली न्या. उर्दूत ‘खाली’ म्हणजे रिकामा. उर्दूतला ‘कल’ उद्याही असतो, मराठीतला ‘काल’ फक्त होऊन गेलेला. मराठीतला घोटा उर्दूत टखना होतो. आणि मराठीत ‘पाय’ म्हणजे पाऊल की मांडीपासून सगळा पाय? समोर असताना थेरपिस्ट बोट लावून दाखवतो. फोनवर पेशंट अंदाजानं उचलतो.

वाचा गेलेल्यांचं तर आणखी अवघड. जन्मभर घरात दखनी बोललेल्या दादीला पुस्तकी मराठीत किंवा शुद्ध उर्दूत चित्रांची नावं विचारली आणि ती गप्प राहिली, तर तो आजार मानायचा की परकी भाषा? इथं चूक झाली तर उपचारच चुकीच्या दिशेनं जातात.

आपल्या नावावरून समोरचा हिंदीत सुरू करतो, हेही नेहमीचंच. साताऱ्यातल्या कितीतरी मुस्लिम घरांत मराठीच जास्त कळते. म्हणून पहिल्याच कॉलला सांगावं, आमच्या घरात कोणती भाषा चालते. शेजारी घरचं मोठं माणूस बसवावं. आणि व्यायाम ऐकून ‘हो’ न म्हणता तो कॅमेऱ्यासमोर करून दाखवावा.