दसऱ्यानंतरचे घोडे

दसऱ्याचं सोनं वाटून झालं की आमचे आबाजी म्हणत, "आता पेंढाऱ्यायचे दिस आले, पोरहो." त्यांनी पेंढारी पाहिले नव्हते, त्यांच्या आजोबांनीही नाही. पण पावसाळा सरून नद्यांना उतार पडला की नर्मदेकडून घोडे सुटत, हे वऱ्हाडातल्या मालेगावच्या आमच्या घरात काल घडल्यासारखं सांगितलं जाई. सोबत तंबू नाही, तोफ नाही. मेडशीच्या बाजूला धूळ दिसली की ज्वारी पेवात, दागिने चुलीखाली आणि बायापोरं गढीत. ऐवज कुठं पुरला ते न सांगणाऱ्याच्या तोंडाला गरम राखेचा तोबरा बांधत.

ही म्हाताऱ्याची अतिशयोक्ती नव्हे. तोबऱ्याची नोंद इंग्रजांच्या लिखाणातही आहे. १८१६ साली गुंटूरकडच्या लुटीची त्यांनी मोजदाद केली : बारा दिवसांच्या आत ३३९ गावं लुटली, १८२ माणसं मारली, ५०५ घायाळ केली आणि ३,६०३ जणांचा छळ केला. आमच्या वऱ्हाडाची अशी मोजदाद कुणी ठेवली नाही.

असे लुटारू ज्या मुलखात तळ देऊन बसतात, तिथं फौज घालावी का? आज दहशतवादाबाबत हेच विचारलं जातं. पेंढारी आणि आजचा दहशतवादी एक नव्हेत. पेंढाऱ्याला लूट हवी होती, राज्य किंवा विचार लादायचा नव्हता. पण गावाच्या पोटातली भीती तीच.

गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जनं १८१७ मध्ये सव्वा लाखाच्या आसपास सैन्य उत्तरेकडून आणि दख्खनेतून एकदम चालवलं आणि नर्मदेच्या खोऱ्याला वेढा घातला. दोन वर्षांत पेंढारी संपले. त्यांचा एक म्होरक्या करीमखान शरण आला. दुसरा म्होरक्या चितू, त्याला असीरगडाच्या रानात वाघानं खाल्लं. आबाजी हा वाघ फार रंगवून सांगत, "देवानंच धाडला थो!" म्हणत. मला मात्र करीमखानाचं पुढे काय झालं ते जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याला गोरखपूरकडे जमीन मिळाली आणि तो तिथं शेती करून राहिला. पठाण सरदार अमीरखान टोंकचा नवाब झाला. तोफांनी टोळ्या फोडल्या हे खरं, पण माणसं पुन्हा घोड्यावर बसली नाहीत ती पोटाची सोय झाली म्हणून, असं माझं ठाम मत आहे.

कारण हे घोडे आले कुठून? १८०३ मध्ये इंग्रजांनी अडगावची लढाई जिंकली आणि गाविलगड घेतला, देवगावच्या तहानं वर्धेच्या पश्चिमेचं वऱ्हाड भोसल्यांकडून निजामाकडे गेलं. शिंदे-होळकरांच्या फौजाही आटल्या. पगार तुटलेला स्वार शेतात परतला नाही, तो पेंढाऱ्यांत मिसळला. म्हणजे आधीच्या स्वारीनंच पुढच्या स्वारीचं कारण तयार केलं. २००३ मध्ये अमेरिकेनं इराकचं सैन्य एका हुकुमानं मोडलं आणि त्यातले अनेक अधिकारी पुढे इसिसमध्ये दिसले. २०१४ मध्ये आपल्या कल्याणची चार पोरं त्याच इसिससाठी इराककडे गेली, तेव्हा मला १८०३चे ते बेकार स्वार आठवले.

आणि पेंढाऱ्यांवर निघालेली ती फौज पेंढाऱ्यांपाशी थांबली नाही. त्याच हंगामात मराठ्यांशी खडकी, सीताबर्डी, महिदपूरच्या लढाया झाल्या. १८१८ च्या जूनमध्ये पेशवा दुसरा बाजीराव शरण गेला. पेंढाऱ्यांच्या बंदोबस्ताबरोबर मराठ्यांचं राज्यही गेलं.

वऱ्हाडाला त्याची किंमत आणखी वेगळी पडली. निजामाच्या नावानं इंग्रज अधिकाऱ्यांखाली उभी केलेली हैदराबाद कंटिंजंट पेंढाऱ्यांवर धावली होती. पेंढारी संपले, ही फौज मात्र तशीच राहिली. तिच्या पगारासाठी निजामानं कर्ज काढलं, ते वाढत गेलं. शेवटी १८५३ मध्ये, चितूला मरून चौतीस वर्षं झाल्यावर, डलहौसीनं त्या खर्चापोटी वऱ्हाडच लावून घेतलं. पेव उघडं ठेवून निजायला मिळालेल्या आमच्या कुणब्याच्या साऱ्यातून त्या स्वारांचा पगार निघू लागला. १९०२ मध्ये कर्झननं वर्षाला २५ लाख रुपयांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानं घेतलं, आणि त्यानंतर लगेचच कंटिंजंट हिंदुस्थानी सैन्यात विरघळून गेली.