चौसष्ट घरांची पारदर्शक प्रत

१९६६ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘स्टार ट्रेक’ या दूरचित्रवाणी मालिकेत कप्तान कर्क आणि स्पॉक त्रिमितीय बुद्धिबळ खेळताना दिसतात. तीन मुख्य पट प्रत्येकी १६ घरांचे, चार छोटे पट प्रत्येकी ४ घरांचे. बेरीज पुन्हा ६४. खेळ भविष्यकाळातला, हिशेब मात्र जुनाच.

चित्रीकरणापुरत्या केलेल्या या वस्तूला आरंभी नियमच नव्हते. नट मोहरा उचलून ठेवत आणि प्रेक्षक त्याला डाव मानत. १९७५ मध्ये फ्रान्झ जोसेफ यांच्या तांत्रिक पुस्तिकेत पटाची आरेखने आली. सविस्तर नियम त्यानंतर चाहत्यांनी रचले.

पारदर्शक ॲक्रिलिकमध्ये या पटाची प्रतिकृती करणाऱ्याची कसोटी वेगळी असते. लाकडातली चूक रंगाखाली झाकता येते. येथे ती आरपार दिसते. म्हणून पत्र्यावरचा संरक्षक कागद शक्य तितका उशिरा काढायचा. सांध्यात सोडलेले पातळ द्रावक केशाकर्षणाने आत शिरते, दोन्ही पृष्ठे किंचित विरघळून एकजीव होतात. थेंब बाहेर ओघळला, तर त्याचा डाग कायमचा राहतो.

पाठचिकित्सेत आपण प्रतींच्या आधारे हरवलेल्या मूळ पाठाकडे मागे जातो. येथे प्रवास उलटा आहे. मूळ पट कॅमेऱ्याला दिसण्यापुरता होता. त्यावर खरा डाव मांडता येतो तो प्रतीतच. अशा प्रतीला केवळ नक्कल म्हणणे कितपत न्याय्य आहे?