छात्रालय-दैनिक : हायस्कुलाच्या इतिहासाचें एक उपेक्षित साधन

हस्तलिखितें जमविणाऱ्यांत एक रूढि पडून गेली आहे. कागद मोडी असावा, त्यावर शिक्का असावा, निदान तो शके १७४० च्या आंतला असावा. तरच तो रुमालांत बांधण्याजोगा. बालबोध अक्षरांत, गिरणीच्या कागदावर, तालुक्याच्या गांवच्या एखाद्या मास्तरानें लिहिलेला कागद हातीं आला, तर त्यास रद्दी म्हणावयास आपणांस संकोच वाटत नाहीं. ह्या रूढीनें काय गमावलें जातें तें एका उदाहरणानें दाखवावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु.

लहान गांवांतील हायस्कुलांचा इतिहास बहुधा शाळेच्या दप्तरावरून किंवा महोत्सवी स्मरणिकांवरून लिहिला जातो. दप्तरांतील जनरल रजिस्टर हें साधन अव्वल दर्जाचें. मुलाचें नांव, जात, जन्मगांव, पूर्वीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याचें कारण इतकें त्यांत सांपडतें; आणि कोणत्या गांवचीं व कोणत्या जातींचीं मुलें केव्हांपासून इंग्रजी शिकूं लागलीं, हें दुसरीकडे इतक्या नेमकेपणानें कळावयाचें नाहीं. (जन्मतारखेच्या रकान्यावर मात्र विसंबूं नये. जूनच्या पहिल्या तारखेस जन्मलेल्यांची आपल्या प्रांतांतील संख्या पाहिली म्हणजे मूल घरीं जन्मलें कीं हेडमास्तरांच्या टेबलावर, असा प्रश्न पडतो.) नादारीच्या अर्जांवरून दारिद्र्याचें मान समजतें, इन्स्पेक्टरांच्या शेऱ्यांवरून छपराची गळती समजते. परंतु दिवे लागल्यावर बोर्डिंगांत काय चाले, आजारी मुलाच्या उशाशीं कोण बसे, घरच्या आठवणीनें रडणाऱ्या पोराची समजूत कोण घाली, ह्यांसाठीं कोणत्याहि रजिस्टरांत रकाना नाहीं. स्मरणिकांत हें असतें. पण तें पन्नास वर्षांनंतरचें, आणि त्यांत सगळे मास्तर ऋषि व सगळे विद्यार्थी कृतज्ञ.

आतां उदाहरण. पूर्व खानदेशांत बोरी नदीच्या कांठीं अमळनेर हें तालुक्याचें गांव. तेथील प्रताप हायस्कुलांत इ. स. १९२४ च्या जूनमध्यें पांडुरंग सदाशिव साने हे शिक्षक म्हणून रुजू झाले. ते कोंकणांतील पालगडचे. दापोली, औंध व पुणें येथें हाल सोसून शिकलेले. त्यामुळें परगांवीं राहून शिकणाऱ्या मुलाची दशा त्यांस कोणी सांगावयास नको होती. पुढें शाळेच्या छात्रालयाची व्यवस्था त्यांच्याकडे आली. आसपासच्या खेड्यांतून आलेल्या ह्या मुलांच्या खोल्या झाडणें, त्यांचे मळके कपडे धुऊन ठेवणें, आजाऱ्याची शुश्रूषा करणें हीं कामें ते स्वतः करीत. हें त्यांच्या विद्यार्थ्यांनीं सांगितलें असून सर्वश्रुत आहे. त्यांनीं ‘छात्रालय’ नांवाचें एक दैनिक चालविलें, हेंहि पुष्कळांस ठाऊक आहे. पण तें हस्तलिखित होतें, ह्या गोष्टीचा अर्थ मात्र फारसा कोणी लक्षांत घेतलेला दिसत नाहीं.

छापील पत्राच्या शेंकडों प्रती निघतात. एक जळाली तरी दुसरी राहते. हाताने लिहिलेल्या दैनिकाची प्रत एकच. त्याचा वाचक ठराविक, त्याचें आयुष्य एका दिवसाचें. मुलांनीं वाचलें कीं त्याचें काम संपलें. पोथीच्या शेवटीं जुने लेखक तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून आणि मूर्खाच्या हातापासून ग्रंथाचें रक्षण करावें अशी विनंति करीत. ह्या कागदाच्या कर्त्यानें तशी विनंति करण्याचेंहि कारण नव्हतें, कारण तो टिकावा म्हणून लिहिलेलाच नव्हता. आमच्या मतें त्याची किंमत येथेंच आहे. बखरकार धन्यासाठीं लिहितो, स्मरणिकेंतला लेखक पिढ्यांसाठीं लिहितो. हा कागद उद्यां सकाळीं उठणाऱ्या मुलांसाठीं लिहिलेला.

ह्याच काळांत, अमळनेरहून फार दूर नव्हे अशा धुळ्यास, इतिहासाचार्य राजवाडे राहत होते. त्यांचा देहान्त तेथेंच ३१ डिसेंबर १९२६ रोजीं झाला. वाण्याच्या पुडीला जाणाऱ्या कागदांतून इतिहास उभा राहतो, हें ज्यानें महाराष्ट्रास १८९८ पासून खंडामागून खंड काढून पटविलें, तो पुरुष धुळ्यास. आणि पुढें रद्दींत जाणारा कागद रोज लिहिणारा शिक्षक अमळनेरास. हा योग आम्हांस विलक्षण वाटतो.

साने यांनीं १९३० सालीं नोकरीचा राजीनामा देऊन सत्याग्रहांत उडी घेतली. त्यानंतरच्या दोन गोष्टी छात्रालयाच्या ह्या कागदांशीं जोडून पाहिल्या पाहिजेत. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ ह्या अवधींत धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांनीं दर रविवारीं एक याप्रमाणें गीतेवर अठरा प्रवचनें दिलीं. तीं बोलत असतां टिपून घेतलीं साने यांनीं. ज्ञानेश्वरींत लेखक सच्चिदानंदबाबा यांचा उल्लेख आदरानें आला आहे. ‘गीता प्रवचनें’ वाचतांना ह्या दुसऱ्या लेखकाचा हात किती जणांस आठवतो? दुसरी गोष्ट ‘श्यामची आई’. तिचा बहुतेक भाग नाशिकच्या तुरुंगांत ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ ह्या पांच दिवसांत लिहिला गेला. त्या ग्रंथाचे भाग ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशा क्रमानें आहेत. सायंप्रार्थना झाल्यावर श्याम सांगतो आणि सोबती ऐकतात. हा वेग आणि ही मांडणी कोठून आली? रोज, थोडक्या वेळांत, समोरच्या मुलांसाठीं लिहिण्याची जी संवय अमळनेरच्या छात्रालयांत जडली, तिचेंच हें फळ असावें असें आमचें अनुमान आहे. अनुमानास पुरावा दैनिकाच्या कागदांचाच लागेल. ‘धडपडणारीं मुलें’ ही कादंबरी त्या जागीं चालणार नाहीं. कादंबरीवरून काळाचा रंग कळतो, तारीख कळत नाहीं. ‘विद्यार्थी’ हें १९२८ सालचें मासिकहि छापील असल्यामुळें तें निराळ्या कोटींतलें.

अमळनेरचें नांव मोठें म्हणून त्याचें उदाहरण घेतलें. पण हस्तलिखित मासिक, भिंतीवरचें पत्र, बोर्डिंगाची खर्चवही, भांडी घासण्याच्या पाळ्यांचा तक्ता हे कागद पुष्कळ हायस्कुलांत होते, आणि कपाट बदलतांना प्रथम तेच बाहेर जातात. जनरल रजिस्टर कायद्यानें राखावें लागतें म्हणून तेवढें राहतें. संग्राहकांनीं पोथ्यांसाठीं गांवीं जावें तेव्हां शाळेच्या माळ्यावरहि चढून पाहावें. कागद मिळाल्यास त्यावरील तारीख, अक्षराचें वळण, शाई, कोणत्या इयत्तेच्या मुलानें लिहिला तें आणि कोणाकडून मिळाला तें टिपून ठेवावें. पानें सुटीं असल्यास क्रम न लावतां जशीं सांपडलीं तशींच बांधावीं. ज्यांचेपाशीं १९५० पूर्वीचे असे कागद असतील त्यांनीं मूळ देऊं नये, नक्कल मात्र मंडळाकडे पाठवावी.