राजविवाहाच्या स्तोत्राची कुळकथा

गुलबर्ग्यास, म्हणजे आजच्या कलबुर्गीस, ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज यांच्या दर्ग्यात दरसाल जो उरूस भरतो, त्या शब्दाचा मूळ अरबी अर्थ लग्न असा आहे; १४२२ साली देह ठेवलेल्या त्या सूफी सत्पुरुषाचे निधन हे परमेश्वराशी झालेले मीलन समजून संदल मिरवीत नेतात. बिदर जिल्ह्यातील कल्याणात बाराव्या शतकातल्या शरणांनी भक्त ही सती आणि लिंग हा पती असा भाव सांगितला, आणि त्याच कल्याणास आलेल्या अक्कमहादेवींनी चेन्नमल्लिकार्जुनावाचून दुसरा पती मानला नाही. निजामाच्या अंमलात मेथडिस्ट मिशन बिदरला आले, तेव्हा मंडळी ही ख्रिस्ताची वधू आहे या वचनासाठी येथली भूमी कितीतरी आधी नांगरून ठेवलेली होती, असे मला वाटते.

या वधूचे एक माहेर इब्री स्तोत्रसंहितेतल्या पंचेचाळिसाव्या स्तोत्रात आहे. ते मुळात राजाच्या लग्नाचे दरबारी गीत. कवी राजाचे रूप, तलवार व न्याय यांची स्तुती करतो, बोळ, अगरू आणि तज यांनी दरवळणारी त्याची वस्त्रे व हस्तिदंती महालांतून येणारा तंतुवाद्यांचा नाद वर्णितो, ओफीरच्या सोन्याने नटून उजवीकडे उभी असलेली राणी दाखवितो, आणि तिला बापाचे घर विसरण्यास सांगतो. आमच्याकडे पाठवणीच्या वेळी जे कोणी तोंडाने बोलत नाही, पण मांडवातल्या प्रत्येकाला ठाऊक असते, तेच हे.

याच गीतात सिंहासनाविषयीची एक ओळ अशी आहे की तिच्यात राजालाच देव म्हणून हाक मारली आहे असे वाचता येते. मर्त्य राजाला हे संबोधन कसे शोभावे? इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात ती ओळ ख्रिस्ताला लावली आहे. यहुद्यांच्या अरामी तार्गुमातही हा राजा मसीहाच आहे. राजा ख्रिस्त ठरल्यावर राणी मंडळी ठरणे ओघानेच आले.

परंतु या परंपरेत मला सर्वांत मोलाचे वाटते ते उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचे बिशप ऑगस्टीन (मृत्यू ४३०) यांचे विवेचन. त्यांच्या लॅटिन पाठात राणीचे वस्त्र नानारंगी आहे, आणि हे रंग म्हणजे आफ्रिकी, सुरियानी, ग्रीक, इब्री अशा नाना भाषा, असा उलगडा करून त्या साऱ्यांचे वस्त्र मात्र एकच, असे ते सांगतात. १९५६ साली भाषावार प्रांतरचनेत उदगीर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले व बिदर म्हैसूरकडे आले. तरी भालकी-औराद भागात घरी मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दखनी हा व्यवहार राहिलाच. त्या वस्त्राचा अर्थ तेथील माणसाला टीकेवाचून कळेल.

हे सारे केवळ रूपक होते, लग्न कधी झालेच नव्हते, असे म्हणणारे टीकाकार मला पटत नाहीत. माहेर सोडणाऱ्या त्या मुलीचे पाऊल खरे धरले, तरच मंडळीला तिचे नाव देण्यात काही अर्थ उरतो. स्तोत्राच्या इब्री मथळ्यात मसीहाचे नाव नाही, राजाचेही नाही. कोरहाच्या पुत्रांचे आहे, आणि गीताची जात म्हणून तेथे प्रेमगीत असे लिहिलेले आहे.