मोठ्या संचिकांचा शोध आणि दप्तराची छाटणी : गोंदिया जिल्ह्याच्या अभिलेखांच्या अनुषंगाने

१

साठवणीची जागा अपुरी पडणे ही प्रत्येक दप्तराची जुनी व्यथा आहे. कपाटात कागद मावेनासे झाले की त्यांतील कोणते ठेवावे आणि कोणते काढून टाकावे, हा प्रश्न उपस्थित होतो. ज्या कसोटीने या प्रश्नाचा निर्णय केला जातो, तिच्यावरच पुढील पिढ्यांना इतिहासाची कोणती साधने उपलब्ध होतील हे अवलंबून असते. अभिलेख संगणकात जाऊ लागल्यापासून ही कसोटी बदलली आहे. पूर्वी कागद कशाचा आहे आणि त्याची गरज किती काळ भासेल, हे पाहिले जाई. संगणकाची तबकडी भरली म्हणजे मात्र सर्वांत अधिक जागा कोणती संचिका व्यापते, हे प्रथम पाहिले जाते. हा बदल कसा घडून आला आणि गोंदिया जिल्ह्यासारख्या प्रदेशाच्या अभिलेखांवर त्याचा कोणता परिणाम संभवतो, याचे विवेचन प्रस्तुत निबंधात केले आहे.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याच्या विभाजनाने अस्तित्वात आला. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक-अर्जुनी आणि अर्जुनी-मोरगाव हे त्याचे आठ तालुके होत. जिल्हा नवा असला तरी त्याच्या गावांचे कागद जुने आहेत. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले. १८६१ मध्ये मध्यप्रांताची स्थापना झाली. १९५० मध्ये त्या प्रांताचे मध्य प्रदेश राज्य झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. एकाच गावाच्या कागदपत्रांवर या सर्व राजवटींचे ठसे उमटलेले आहेत.

या कागदपत्रांत वाजिब-उल-अर्ज आणि निस्तार पत्रक यांचे स्थान विशेष महत्त्वाचे आहे. मालगुजारी पद्धतीच्या काळात गावाचे रीतिरिवाज आणि तलावाच्या पाण्याची वाटणी यांची नोंद वाजिब-उल-अर्जात होई. तलावांच्या या प्रदेशात त्या नोंदीचे मोल सहज ध्यानात येईल. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली. त्यानंतर चराई, जळण, इमारती लाकूड, गाळ-माती इत्यादी सामाईक हक्कांचा आधार निस्तार पत्रक हा राहिला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १६१ मध्ये निस्तार पत्रकाची आणि कलम १६५ मध्ये वाजिब-उल-अर्जाची तरतूद आहे.

२

कागदी दप्तराची छाटणी मनमानी नव्हती. महसूल खात्याच्या रूढ पद्धतीप्रमाणे अभिलेखांचे अ, ब, क आणि ड असे वर्ग पाडले जातात. अ वर्ग कायम जतन करावयाचा. ब वर्ग तीस वर्षे ठेवावयाचा. क वर्गाची मुदत त्याहून कमी. आणि ड वर्ग वर्षभराने नष्ट करावयाचा. १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात तत्कालीन अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयीन सुधारणेचा जो प्रयोग केला आणि जो पुढे ‘लखिना पॅटर्न’ या नावाने प्रसिद्धीस आला, त्यातही कागद वर्गवारीने लावणे आणि मुदत संपलेले कागद वेळच्या वेळी काढणे यांवर भर होता.

या पद्धतीत एक गोष्ट लक्षणीय आहे. कागदाच्या आकारमानाचा विचार तिच्यात कोठेही नाही. चार ओळींची नोंद अ वर्गात असू शकते आणि हजार पानांचा गठ्ठा ड वर्गात. जागा मोकळी होते ती वर्गवारीचा परिणाम म्हणून. जागा हा वर्गवारीचा हेतू नव्हे. सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ हा केंद्रीय कायदाही याच दिशेने जातो. १८९२ पूर्वी निर्माण झालेला अभिलेख, तो उपयोगापलीकडे जीर्ण झालेला नसेल तर, नष्ट करता येत नाही, असे त्याचे आठवे कलम सांगते. संगणकाने निर्माण केलेले साहित्यही याच अधिनियमाने सार्वजनिक अभिलेखाच्या व्याख्येत समाविष्ट केले आहे. महाराष्ट्रापुरता स्वतंत्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ चा आहे.

३

संगणकाच्या इतिहासात याच्या उलट परंपरा निर्माण झाली. तिचे कारण साठवणीच्या दुर्मिळतेत सापडते. १९५६ मध्ये आयबीएम कंपनीने रॅमॅक नावाच्या यंत्राबरोबर पहिला तबकडी-संच बाजारात आणला. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्यांवर त्यात सुमारे पन्नास लक्ष अक्षरे मावत. १९७१ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत युनिक्स या कार्यप्रणालीची पहिली आवृत्ती ज्या यंत्रावर चालत होती, त्याच्या तबकडीची क्षमता अवघी ५१२ किलोबाइट होती. इतकी तोकडी जागा अनेकांत वाटून घ्यावी लागत असल्यामुळे कोणी किती जागा व्यापली आहे, हे सांगणारी ‘डीयू’ ही आज्ञा त्या पहिल्या आवृत्तीतच अंतर्भूत होती. पुस्तिकेमागून पुस्तिका उघडत जाऊन प्रत्येकीतील संचिकांनी अडविलेल्या खंडांची ती बेरीज करी.

पुढचा टप्पा १९९०चा. मेरिलँड विद्यापीठातील बेन श्नायडरमन यांच्या प्रयोगशाळेत ८० मेगाबाइटची एक तबकडी चौदा जण वापरीत असत. ती भरून गेली, तेव्हा जागा कोठे आणि कशी खर्च झाली, हे समजणे अवघड झाले. संचिकांच्या लांबलचक याद्या वाचण्याऐवजी संपूर्ण तबकडी एका आयताने दाखवावी आणि प्रत्येक संचिकेला तिच्या आकाराच्या प्रमाणात लहानमोठा चौकोन द्यावा, ही कल्पना त्यांना याच अडचणीतून सुचली. तिचे शास्त्रीय विवेचन त्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केले. २००३ मध्ये निघालेल्या विनडिरस्टॅट या मोफत उपकरणाने ही पद्धत सामान्य संगणकापर्यंत पोहोचविली. तेव्हापासून कोणाही कारकुनास पडद्यावर दृष्टी टाकताच सर्वांत मोठा चौकोन दिसू लागला.

२०१७ पासून विंडोज या कार्यप्रणालीत साठवणजागेची आपोआप निगा राखणारी सोय आली. तात्पुरत्या संचिका आणि कचरापेटीत ठराविक दिवस पडून राहिलेल्या संचिका ती काढून टाकते. उतरवून घेतलेल्या संचिकांच्या पुस्तिकेत बराच काळ न उघडलेले जे असेल, तेही वापरणाऱ्याने सांगितल्यास काढते. येथे मुदतीचे तत्त्व परत आलेले दिसते. परंतु ते कागदी दप्तरातील मुदतीच्या तत्त्वाशी एकरूप नाही. दप्तरात मुदत ठरे ती कागदाच्या प्रयोजनावरून. येथे ती ठरते संचिका शेवटी केव्हा उघडली यावरून.

४

आता या दोन परंपरा एकाच कपाटात आल्या म्हणजे काय घडते, ते पाहावयाचे. १९८८-८९ मध्ये केंद्र शासनाने भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची योजना आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू केली. विदर्भातील वर्धा हा त्यांपैकी एक होता. त्या काळी संगणकात जात असे ते नोंदींतील अक्षर व अंक. पुढे जुन्या कागदांची छायाप्रतिमा घेणे सुलभ झाले आणि संचिकांचे स्वरूपच पालटले.

हा पालट साध्या गणिताने स्पष्ट होतो. दोन हजार देवनागरी वर्णचिन्हांचे एक पान युनिकोडच्या प्रचलित सांकेतिक पद्धतीत सुमारे सहा हजार बाइट घेते. तेच पान ए-४ आकाराच्या कागदावर असून त्याची इंचास ३०० बिंदू या प्रमाणात रंगीत प्रतिमा घेतली, तर २,४८० गुणिले ३,५०८ बिंदू आणि प्रत्येक बिंदूस तीन बाइट, म्हणजे सुमारे २ कोटी ६१ लक्ष बाइट होतात. संक्षेप न केलेली ही प्रतिमा मजकुराच्या चार हजार पटींहून अधिक जागा घेते. १९५६ च्या पाच रॅमॅक यंत्रांतही ती मावली नसती.

परिणामी आकाराच्या उतरत्या क्रमाने लावलेल्या यादीत जुन्या, जीर्ण आणि फिकट शाईच्या कागदांच्या प्रतिमा अग्रभागी येतात. कारण अशाच कागदांच्या प्रतिमा अधिक बारकाईने आणि रंगीत घ्याव्या लागतात. चालू पत्रव्यवहार तळाशी राहतो. न उघडलेल्या संचिकांची यादी केली तरी हाच अनुभव येतो. वाजिब-उल-अर्ज कोणी दररोज उघडीत नाही. दप्तराच्या कसोटीने जे अ वर्गात पडते, ते तबकडीच्या दोन्ही कसोट्यांनी प्रथम बळी पडण्याच्या जागी येते.

लहान, कृष्णधवल प्रत शिल्लक आहे, तेव्हा मोठी काढण्यास हरकत नाही, असा युक्तिवाद येथे संभवतो. रंगीत प्रतिमेत प्रत्येक बिंदूस चोवीस बिट असतात आणि कृष्णधवल प्रतिमेत एकच. त्यामुळे संक्षेपापूर्वीच जागा चोविसाव्या हिश्श्यावर येते, हे खरे. परंतु प्रत्येक बिंदू काळा किंवा पांढरा ठरविताना फिकट शाई पांढऱ्यात जमा होते, शिक्क्याचा रंग नाहीसा होतो आणि मूळ नोंद व मागाहून दुसऱ्या शाईने केलेली दुरुस्ती यांतील भेद ओळखता येत नाही. मूळ कागद दिवसेंदिवस ठिसूळ होत असता हा भेद पुन्हा मिळविण्याचा मार्ग उरत नाही.

या प्रश्नाचे महत्त्व केवळ संशोधकापुरते मर्यादित नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांत गॅझेटियर, जनगणना, सर्वेक्षण व जमाबंदोबस्ताचे अहवाल, नकाशे यांसारखे सरकारी अभिलेख पुरावा म्हणून मान्य केलेले आहेत, आणि निस्तार हा त्या कायद्याने मानलेला सामूहिक हक्क आहे. देवरी, सालेकसा किंवा अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील एखाद्या ग्रामसभेच्या दाव्यात निस्तार पत्रकाच्या समासातील एक ओळ निर्णायक ठरू शकते. तद्वतच जातपडताळणीसाठी अनुसूचित जमातींच्या बाबतीत १९५० पूर्वीचा, विमुक्त व भटक्या जमातींच्या बाबतीत १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांच्या बाबतीत १९६७ पूर्वीचा पुरावा पाहिला जातो. शाळेच्या दाखल-खारीज पुस्तकातील आजोबांच्या नावापुढचा शब्द वाचता येतो की नाही, यावर नातवाचे शिक्षण आणि नोकरी अवलंबून राहते.

५

वरील विवेचनाचा अर्थ मोठ्या संचिकांचा शोध घेऊ नये, असा नाही. भरलेल्या तबकडीवर नवे अभिलेख जतन होत नाहीत आणि जुन्यांची राखीव प्रतही घेता येत नाही. म्हणून हा शोध आवश्यकच आहे. मात्र त्याचे फलित म्हणजे तपासणीची यादी होय, नाशाची नव्हे. तपासणीचा क्रमही जुन्या दप्तरावरून ठरविता येतो. कार्यप्रणालीच्या तात्पुरत्या संचिका, प्रतिष्ठापना झालेल्या आज्ञावलींचे मूळ गठ्ठे, कार्यक्रमांच्या चित्रफितींच्या जादा प्रती आणि कचरापेटीतील साहित्य हे तबकडीचे ड वर्ग होत. बरीचशी जागा पुष्कळदा येथेच मोकळी होते. कचरापेटी रिकामी केल्यावाचून काढलेल्या संचिकेची जागा परत मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते. त्यानंतर दुबार प्रती. दोन संचिकांचे नाव व आकार सारखे असणे पुरेसे नाही. त्यांचा आशय बाइटागणिक जुळतो, हे पडताळल्यावरच एक काढणे युक्त ठरते. मूळ प्रतिमा मात्र काढावयाच्या नसून, दुसऱ्या तबकडीवर हलवून व तेथे त्या उघडतात याची खात्री करून, मगच पहिली जागा मोकळी करावयाची असते.

या सर्वांच्या आधी एक काम करावे लागते. प्रतिमा घेताना तिच्या पुस्तिकेच्या नावातच गाव, अभिलेखाचा प्रकार, वर्ष आणि वर्ग यांचा निर्देश असला पाहिजे. केवळ क्रमांकाचे नाव असलेली मोठी संचिका उघडून पाहण्याची तसदी घाईच्या वेळी घेतली जाईलच, असे नाही. बस्त्याच्या फडक्यावर चिठ्ठी बांधण्याचा प्रघात दप्तरात याच कारणाने रूढ झाला होता. गोंदिया जिल्ह्याच्या गावांचे कागद राजवटींच्या इतक्या स्थित्यंतरांतून टिकले, त्यात त्या चिठ्ठीचा आणि ती लिहिणाऱ्या अनाम कारकुनांचा वाटा लहान नाही.