पोळा आणि पोलो

दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या आदल्या दिवशी माझा नातू पुण्याहून सुलतानपूरला आला तो नव्या गाडीतून. नवी म्हणजे त्याला नवी. मूळची २०१४ सालची, एक हात फिरलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. गल्लीत बैलांची शिंगं रंगवणं चालू होतं आणि हा पठ्ठ्या गाडी धूत बसला होता. शेजारी हसून म्हणाले, "गुर्जी, तुमच्या घरी पोळा हाय का पोलो?"

मी बी.ए. झालेला माणूस, तोही मराठी माध्यमातून. सगळी नोकरी सायकल आणि एस.टी.वर काढली. इंजिनातलं मला ओ की ठो कळत नाही. पण आयुष्यभर इतिहास शिकवल्यामुळे कुठलीही वस्तू दिसली की तिची वंशावळ काढायची खोड आहे. नातवाला विचारलं, "बाबा रे, या लहानशा गाडीत एवढं काय आहे?" तो म्हणाला, "आबा, ही हॉट हॅच आहे." मग मी थोडं वाचलं. तेच आज सांगतो.

हॅचबॅक म्हणजे वेगळी डिकी नसलेली, मागचा दरवाजा वर उघडणारी आटोपशीर गाडी. तिच्यातच ताकदीचं इंजिन बसवलं की ती हॉट हॅच. या प्रकाराला खरं नाव मिळवून दिलं ते जर्मनीच्या गोल्फ जीटीआयने. फोक्सवॅगनच्या काही अभियंत्यांनी १९७४ च्या सुमारास आपलं रोजचं काम सांभाळून, जवळजवळ गुपचूप या गाडीची जुळवाजुळव केली. १९७५ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात ती लोकांना दिसली आणि १९७६ मध्ये विक्रीला आली. इंजिन १.६ लिटरचं, ताकद ११० अश्वशक्ती, वजन जेमतेम ८१० किलो. पाच हजार गाड्या खपतील असा अंदाज होता. त्या पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांवर खपल्या. का? तर सोमवारी कचेरीत, शनिवारी बाजारात आणि रविवारी घाटात एकच गाडी चालत होती. शिवाय त्या अभियंत्यांनी नुसतं इंजिन वाढवलं नाही. पुढचे ब्रेक सुधारले, वळणावर गाडी झुकू नये अशी सोय केली. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आपल्याकडचं पाहू. मला नवल वाटलं ते हे की, भारतातल्या नाव घेण्याजोग्या तीन हॉट हॅच महाराष्ट्रातच तयार झाल्या. ज्या कुर्ल्यात पद्मिनी बनायची, तिथेच २००१ पासून फियाटची पालिओ बनू लागली. तिच्या १.६ लिटरच्या इंजिनाची ताकद १०० अश्वशक्ती. जाहिरातीला आपला सचिन. पुढे २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा आखूड आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आलं. साहजिकच लहान गाडीत मोठं इंजिन घालणं कंपन्यांना परवडेना. मग २०१३ मध्ये चाकणच्या कारखान्यातून पोलो जीटी टीएसआय आली. इंजिन १.२ लिटरचंच, पण टर्बो लावून ताकद १०५. अर्थसंकल्पाने इंजिनाचा आकार कसा ठरवला, याचं हे चांगलं उदाहरण आहे. तिसरी रांजणगावची अबार्थ पुंटो, २०१५ ची, तब्बल १४५ अश्वशक्तीची. आज तिन्ही बंद आहेत. चाकणची पोलो २०२२ मध्ये थांबली. म्हणून तर पोरं जुन्या गाड्या शोधून जिवापाड जपतात.

नुसतं जपतात असं नाही, बदलतातही. नातवाने गाडीला आखूड स्प्रिंगा घालून ती जमिनीलगत आणली होती. इंजिनाच्या संगणकातली मांडणी बदलून ताकद वाढवली होती, त्याला रीमॅप म्हणतात. सायलेन्सर असा की दोन गल्ल्यांपलीकडचे बैल बुजावेत. ब्रेक मात्र मूळचेच.

पोळ्याच्या रात्रीच त्याच्या आजीला दम लागला. मेहकरला न्यायचं ठरलं. दाराशी गाडी उभी, तीही एवढ्या वेगाची, म्हणून आम्ही निर्धास्त. वाटेत पट्टे न मारलेला एक गतिरोधक आला. गाडी त्यावर धाडकन बसली, चेंबर फुटलं आणि सगळं ऑइल रस्त्यावर. इंजिन बंद करावं लागलं. वीस-पंचवीस मिनिटं अंधारात आजीचा हात धरून उभे होतो. शेवटी भाजीचा एक टेम्पो थांबला आणि त्याने पोहोचवलं. आजी सुखरूप आहे. पण त्या रात्री नातवाचं तोंड पाहवत नव्हतं, म्हणून मी काही बोललो नाही.

नंतर कायदाही पाहिला. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार आर.सी.त नोंदलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही, अशी तरतूद झाली. अपघात झाला तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण मिळतं, ते वेगळंच.

माझ्या लहानपणी वडिलांकडे एक चपळ जोडी होती. ती शंकरपटातही धावायची. बैलांना जास्त पेंड चारा, उगाच पळवा, असं गावातले हौशी लोक सांगत. वडील म्हणत, "पटात जिंकला तरी उद्या त्याला औताला यायचंच आहे." जर्मन अभियंत्यांना जे उमगलं होतं, ते आमच्या वडिलांनाही ठाऊक होतं, असं मला आता वाटतं.

नातवाने पुण्याला जाऊन मूळ स्प्रिंगा परत बसवल्या, सायलेन्सर बदलला, रीमॅपही काढून टाकला. पैसे खर्च केले ते चांगल्या टायरांवर आणि ब्रेकच्या दुरुस्तीवर. गाडी विकली मात्र नाही, आणि मीही विक म्हटलं नाही. हौस वाईट नसते हो.

२०२५ मध्ये गोल्फ जीटीआय भारतात आली. किंमत जवळजवळ त्रेपन्न लाख. नातवाने फोटो दाखवला, मी पाहिला आणि फोन परत दिला. यंदाच्या पोळ्याला तो आला तेव्हा आजी आपणहून पोलोत बसली आणि लोणारला देवीच्या दर्शनाला जाऊन आली. गतिरोधक आला की तेवढं म्हणायची, "हळू रे बापू."