नदीकाठचे चिमुकले पक्षी : ओळख चालीवरून, पायांवरून

पांढुर्णा जिल्ह्याच्या सौसर तालुक्यातील जामसांवली हे गाव निद्रिस्त हनुमानाच्या मंदिरामुळे सर्वपरिचित आहे. येथून वाहणारी जाम ही कन्हानची उपनदी. मध्य भारतातील अशा नद्यांच्या उथळ पाण्यालगत हिवाळ्यात चिमणीहून थोडे मोठे, मातकट रंगाचे पक्षी वावरतात. दुरून ते सारखेच भासतात. म्हणून पिसांच्या रंगाआधी चाल, पाय आणि उड्डाण पाहावे.

शेपटीकडील भाग सतत वरखाली हलवणारा, पाण्यालगत पंख थरथरवत उडणारा पक्षी म्हणजे तुतवार. छातीच्या बाजूने खांद्याकडे चढलेली पांढरी पट्टी ही त्याची खूण. हिरवी तुतारी पाठीने गडद असते. उडताना तिचा पांढरा पार्श्वभाग आणि पंखांखालचा काळसरपणा उठून दिसतो. ठिपकेवाल्या तुतारीच्या पाठीवर फिकट ठिपके, डोळ्यावर लांब पांढरी भुवई आणि पंखांखाली फिकट रंग असतो.

टिलवे याहून लहान, जेमतेम १२ ते १५ सेंटिमीटरचे. छोट्या टिलव्याचे पाय काळे, तर टेमिंकच्या टिलव्याचे पिवळसर हिरवे. पाय चिखलाने माखलेले असल्यास मात्र ही खूण फसवी ठरते.

चिखल्यांची चोच आखूड असते. थोडे धावायचे, थबकायचे, मग टिपायचे, ही त्यांची रीत. कंठेरी चिखल्याच्या डोळ्याभोवती पिवळे कडे आणि गळ्याभोवती काळा पट्टा असतो. केंटिश चिखल्याचा पट्टा समोर तुटलेला व पाय काळसर असतात.

तुताऱ्या आणि टिलवे उन्हाळ्याच्या सुमारास उत्तरेकडे परततात. कंठेरी चिखल्या मात्र भारतातच वीण करतो. साधारणतः मार्च ते मे या काळात तो नदीपात्रातील उघड्या गोट्यांवर बहुधा चार अंडी घालतो. अंड्यांचा रंग वाळूशी इतका मिळताजुळता असतो, की ती पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. चैत्री पौर्णिमेला, हनुमान जयंतीच्या दिवशी, जामसांवलीत भाविक लोटतात तोही हाच काळ.

एखादा चिखल्या पंख मोडल्यासारखा लंगडत पुढे जाऊ लागला, तर घरटे किंवा पिले जवळच आहेत असे समजावे. त्याच्या मागे न जाता, पायाखाली पाहत आल्या वाटेने परतावे. पात्रात वाहन उतरवणे व वाळू उपसणे या काळात टाळल्यास पुढची पिढी वाचते. ओळख पटण्याचे खरे मोल तेच आहे.